मुक्या तारेत शिरलेली वीज

मित्रांनो, मोशीत बबनरावांच्या घरासमोर उभे राहून वर पाहिलेत, तर गल्लीतल्या खांबावरून निघालेली एक काळी तार तुम्हाला दिसेल. उन्हाने तिचा रंग उडाला आहे आणि तिचे एक टोक कापलेले आहे. ती मी. मी टेलिफोनची तार आहे. माझ्यातून आता कुणाचाही आवाज जात नाही. तरी मला तुमच्याशी बोलायचे आहे, आणि जरा घाईने बोलायचे आहे. एका घरात जे घडले, ते शेजारच्या घरात घडायला फार वेळ लागत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तांब्याच्या दोन बारीक तारा शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर काळ्या प्लास्टिकचे कवच चढवले गेले. मला मोशीत आणले तेव्हा इथे घरे कमी आणि कांद्याची शेते जास्त होती. लाइनमनने मला खांबावरून ओढून बबनरावांच्या भिंतीवर आणले, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत घेतले आणि एका तांबड्या फोनला जोडले. पहिली घंटी वाजली तेव्हा घरातले सगळे उभे राहिले. फोन उचलायचा कुणी, यावरच थोडा वेळ गेला.

बबनरावांची पत्नी मंजुळाबाई सुरुवातीला त्या फोनला भ्यायच्या. रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायच्या आणि शेतात हाक मारावी तशा मोठ्याने बोलायच्या. पुढे त्यांची मुलगी मोनिका लग्न होऊन पिंपळे गुरवला गेली. मग दुपारची भांडी आवरली की मंजुळाबाई फोनजवळच्या स्टुलावर येऊन बसायच्या. मोनिका सासरचे काय काय सांगायची. भाजी करपली, सासूबाई बोलल्या, नणंद समजूतदार आहे. मंजुळाबाई फोनची वायर बोटाला गुंडाळत ऐकायच्या. ते सगळे माझ्यातून जायचे. मी कुणाच्या घरची काय काय सुखदुःखे नेली ते सांगत बसले तर दिवस पुरणार नाही, पण त्या दुपारच्या बोलण्याइतके मला दुसरे काही आवडले नाही.

मोनिकाचा धाकटा भाऊ शेखर मागच्या खोलीत अभ्यास करायचा. त्याला फोन तिथेही हवा होता. त्याने माझ्याच जातीच्या तारेचा आणखी एक तुकडा आणला, मागच्या अंगणावरून त्या खोलीपर्यंत ताणला आणि जोड द्यायला स्टुलावर चढला. कवच सोलून उघड्या तारा तो बोटांनी पिळत होता, आणि नेमका तेव्हाच मोनिकाचा फोन आला. शेखरला असा दणका बसला की तो स्टुलावरून थेट खाली बसला. लागले काही नाही. घरातले सगळे पोट धरून हसले, तोही हसला.

मित्रांनो, त्याला दणका का बसला ते ऐका. फोन नुसता ठेवलेला असतो, तेव्हाही टेलिफोनच्या तारेत पन्नासेक व्होल्टचा दाब असतो. कोरड्या हाताला तो बहुधा जाणवतही नाही. पण घंटी वाजवायला एक्स्चेंजमधून वेगळी वीज सोडावी लागते. तिचा दाब नव्वदीच्या आसपास जातो. तेवढ्यात उघडी तार बोटात असेल तर माणूस चांगलाच दचकतो. दुसऱ्या दिवशी लाइनमन आला, तेव्हा त्याने हे सगळे बबनरावांना समजावून सांगितले. काम करण्याआधी बाहेरची जोडणी सोडवा, ओल्या हाताने तारांना शिवू नका, आभाळात विजा चमकत असताना फोनपासून लांब राहा. आणि घरातल्या दिव्यांची वायर जर कधी हिला टेकली, तर हिला फोनची तार समजू नका, असे त्याने बजावले.

बबनरावांनी त्यातले एवढेच लक्षात ठेवले, की फोनच्या तारेचा झटका बसतो, पण त्याने कुणी मरत नाही.

पुढे घरात मोबाइल आले. शेखर नोकरीसाठी नाशिकला गेला. तांबडा फोन आधी मुका झाला, मग कपाटावर गेला, मग दिसेनासा झाला. बबनरावांनी जोडणी बंद करून टाकली. एक्स्चेंजची वीज माझ्यात येईनाशी झाली आणि मी पहिल्यांदाच पूर्ण रिकामी झाले. मला काढून टाकावे असे बबनराव एकदा म्हणालेही होते. मंजुळाबाईंनीच काढू दिले नाही. पोरीचा आवाज यायचा तिच्यातून, असू द्या, कुणाला अडचण करते ती, असे त्या म्हणाल्या. तेव्हा मला फार बरे वाटले होते.

शेते जाऊन इमारती आल्या. चाकण आणि तळवड्याच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्यांना राहायला जागा हवी होती, म्हणून बबनरावांनी मागच्या अंगणापलीकडे भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्या खोल्यांना वीज हवी. पुढच्या घरातून एक वायर काढून अंगणावरून न्यायची ठरली. मध्ये आधाराला काही नव्हते, पण मी होते. ती वायर सुतळीने माझ्या अंगाला बांधत बांधत पलीकडे नेली गेली. माझे सैल, तांबे उघडे पडलेले टोक धुण्याच्या जागेजवळच्या पत्र्याच्या शेडला धरणाऱ्या लोखंडी खांबाला गुंडाळले गेले. आणि मी तिथून ताठ आहेच, तर माझ्यावर कपडे वाळत घालायला काय हरकत आहे, असे सगळ्यांनाच वाटले.

खोल्यांपैकी एकीत ज्ञानेश आणि दीपमाला राहायला आले. मूळचे लातूरकडचे. ज्ञानेश चाकणच्या एका कंपनीत, दीपमाला तळवड्याला पॅकिंगमध्ये. दोघांच्या शिफ्ट वेगवेगळ्या, त्यामुळे एकमेकांना पाहायचे ते बहुतेक जाता-येताच. दीपमालाला इथे कुणी नव्हते. मंजुळाबाईंनी तिला लेकीसारखे जवळ केले. भाजी निवडायला बोलवायच्या, डोक्याला तेल लावून द्यायच्या. मोनिकालाही नसेल सांगितले इतके त्या तिच्याशी बोलायच्या.

मित्रांनो, इथून पुढचे सांगताना माझा धीर सुटतो.

माझ्या अंगावर बांधलेली ती वायर स्वस्तातली होती. उन्हाने तिचे कवच तडकले. वारा आला की ती माझ्यावर घासायची. शेखरने दिलेल्या जोडावरची चिकटपट्टी केव्हाच गळून पडली होती आणि तिथे माझे तांबे उघडे होते. घासत घासत एक दिवस तिचे तांबे माझ्या तांब्याला भिडले.

मी आयुष्यभर बोलण्याची वीज वाहिली होती. ही वीज तशी नव्हती. दोनशे तीस व्होल्ट माझ्यात घुसले, माझ्या टोकापर्यंत गेले आणि त्या लोखंडी खांबात जाऊन उभे राहिले. ठिणगी उडाली नाही, फ्यूज गेला नाही, दिवाही लुकलुकला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे कालसारखेच दिसत होते. अंगण तेच, खांब तोच, माझ्यावर वाळत घातलेला बबनरावांचा सदराही तोच. पण आता त्या खांबात मरण होते आणि ते माझ्यातून आले होते.

मी ज्या घरासाठी शब्द वाहिले, त्या घराला एक शब्द सांगायचा तर मला तोंड नव्हते. कुणीतरी वर पाहावे म्हणून मी वाऱ्यात हलत राहिले. कुणी पाहिले नाही.

ते पहिल्यांदा दीपमालाला कळले. ओला टॉवेल पिळून माझ्यावर टाकताना तिचा हात खांबाला लागला आणि ती झटकन मागे सरली. पायात चपला होत्या म्हणून ती वाचली. तिने बबनरावांना बोलावले. हाताला मुंग्या यायल्यात काका, असे तिने सांगितले. ते आले, वर पाहिले आणि हसले.

"आगं, फोनची तार हाय ती. तिचा झटका बसतो, पर माणूस मरत न्हाई."

दीपमाला थोडी घुटमळली. मग म्हणाली, "पण काका, फोन तर कवाच बंद केलाय म्हणता. मग करंट कुठून यायलाय?"

मित्रांनो, या एका प्रश्नात सगळे होते. रिकाम्या तारेत वीज असेल तर ती दुसरीकडून आली आहे, हे कुणालाही कळले असते. त्या क्षणी मला वाटले, आता सुटले. पण बबनराव स्वभावाने प्रेमळ आणि तितकेच हट्टी. पोरगी उगीच भ्याली आहे, तिची भीती घालवावी, असे त्यांच्या मनात आले. ते खांबाजवळ गेले आणि त्यांनी तो पंजाने घट्ट धरला.

मी काय सोसले ते कसे सांगू? त्यांचा हात कोरडा होता. पायात जाड रबरी चपला होत्या. जमीनही कोरडी होती. तळव्यात थोडी झिणझिण आली एवढेच. त्यांनी हात सोडला आणि दीपमालाला दाखवला, की बघ, काही झाले नाही. दारातून मंजुळाबाई हे सगळे पाहत होत्या. त्यांचीही भीती गेली. दीपमालाला पटले नव्हते, पण घरमालक वडीलधारे, त्यांनी स्वतः हात लावून दाखवला, त्यावर ती काय बोलणार? तिने तेवढे केले, की त्या दिवसापासून स्वतःचे कपडे खोलीत दोरी बांधून वाळत घातले. मंजुळाबाईंनाही ती सांगत राहिली. त्या हो म्हणायच्या आणि विसरायच्या.

त्यानंतरची प्रत्येक दुपार मी भीतीत काढली. मंजुळाबाई बादली घेऊन यायच्या. मी त्यांच्या पायांकडे पाहायचे. चपला आहेत का? जमीन ओली आहे का? पदर खांबाला लागतो का? त्या माझ्यावर लुगडे टाकून निघून जायच्या आणि मी पुढच्या दुपारपर्यंत सुटायचे. कधी सुतळी कुजून तुटावी आणि ती वायर माझ्यापासून वेगळी व्हावी, असे वाटायचे. कधी मीच मधून तुटावे असे वाटायचे. तारेला स्वतःहून तुटता येत नाही.

एका दुपारी मंजुळाबाईंनी गोधड्या धुवायला काढल्या. अंगणभर पाणी झाले. चपला घसरतात म्हणून त्यांनी त्या दारात काढून ठेवल्या. ओली गोधडी जड. ती माझ्यावर टाकताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी आधारासाठी खांब धरला.

हात मिटला तो उघडेना. विजेने त्यांच्या बोटांची मूठच आवळून टाकली होती. त्यांना ओरडताही आले नाही. त्यांचे सगळे अंग ताठ झाले आणि थरथरू लागले, आणि ती थरथर माझ्यापर्यंत येत होती. ज्यांचा आवाज मी वर्षानुवर्षे वाहिला, त्यांच्या अंगातून मी वीज वाहत होते. मला थांबता येत नव्हते. मित्रांनो, माझ्या आयुष्यात याहून वाईट काही नाही.

तेवढ्यात दीपमाला पहिली शिफ्ट संपवून आली. तिने फाटकातूनच पाहिले. हातातला डबा टाकून ती दोन्ही हात पुढे करून धावली. तिने मंजुळाबाईंना धरले असते तर दोघीही तिथेच राहिल्या असत्या. ती अगदी जवळ आली आणि थांबली. कंपनीत नवीन माणसांना सुरक्षेचे शिकवतात, तेव्हा तिला सांगितले होते की वीज लागलेल्या माणसाला शिवायचे नाही, आधी वीज तोडायची. ते तिला आठवले. पण आपल्या डोळ्यांसमोर आपले माणूस तडफडत असताना हात मागे घेणे किती अवघड असते, ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले.

डबा पडल्याचा आवाज ऐकून बबनराव मागच्या दारातून बाहेर आले. ते अनवाणी होते. बायकोकडे धावले.

दीपमाला त्यांच्या आडवी गेली. "काका, हात लावू नका. मेन कुठंय सांगा आधी."

ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांनी तिला बाजूला ढकलले. तेव्हा त्या पोरीने, ज्यांच्यासमोर ती मान वर करून बोलत नसे, त्यांना छातीवर दोन्ही हातांनी ढकलून दारात पाडले. त्यांच्या अंगावरून उडी मारून ती आत गेली आणि भिंतीवरचे मेनचे मोठे बटण तिने खाली ओढले.

वीज गेली. मी रिकामी झाले. मंजुळाबाई ओल्या फरशीवर कोसळल्या.

त्यांचा श्वास चालत नव्हता. दीपमालाने त्यांना सरळ केले आणि दोन्ही तळवे एकावर एक ठेवून त्यांची छाती दाबायला सुरुवात केली. हे तिने एकदाच केले होते, तेही शिकवण्यासाठी आणलेल्या एका रबरी बाहुलीवर. बबनराव शेजारी गुडघ्यांवर बसून मंजुळाबाईंना नावाने हाक मारत होते. मला आठवते, त्यांनी त्यांना नावाने हाक मारलेली मी तोवर कधी ऐकली नव्हती. दीपमालाने दाबता दाबताच त्यांना ॲम्ब्युलन्सला फोन लावायला सांगितले. त्यांच्या बोटांना मोबाइलवरचे आकडे सापडेनात. शेजारचा रणजीत भिंतीवरून डोकावला, त्याने परिस्थिती पाहिली आणि फोन लावला. तोवर दीपमालाचे हात थकले होते. तिने ते थांबवले नाहीत. ती रडत होती आणि दाबत होती. बबनराव मध्येच म्हणाले, आता राहू दे पोरी. तिने ऐकले नाही.

मग मंजुळाबाईंच्या घशातून घरघर आली. एक श्वास, थोड्या वेळाने दुसरा. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्या डोळे मिटूनच होत्या, पण छाती आपली आपण हलत होती.

त्या वाचल्या. बरेच दिवस दवाखान्यात राहून घरी आल्या. उजव्या हाताचा तळवा जळाला होता. जखम भरली, पण बोटे आखडली ती आखडलीच. त्या हाताने त्यांना आता भाकरी थापता येत नाही, मोनिकाच्या मुलीची वेणी घालता येत नाही. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बबनराव दीपमालाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. 

"तू इचारलं व्हतंस मला," ते म्हणाले. "मी आयकलं न्हाई."

दीपमालाने त्यांना आत बोलावून पाणी दिले. 

बबनरावांनी चांगला वायरमन बोलावला. नव्या वायरी पाइपमधून नेल्या, अर्थिंग घातले, आणि गळती झाली की आपोआप वीज तोडणारे बटण बसवले. मला काढून टाका असे मंजुळाबाई म्हणतील का, याची मला भीती नव्हती, आशा होती. त्या म्हणाल्याच. पोरीचा आवाज आता मोबाइलवर येतो, जीव घ्यायला ही कशाला ठेवायची, असे त्या म्हणाल्या. वायरमनने अंगणावरचा माझा भाग कापला आणि भंगारात दिला. पण गल्लीवरून खांबाकडे गेलेल्या भागाला त्याने हात लावला नाही. तो टेलिफोनवाल्यांचा, त्यांनीच काढावा, असे त्याचे म्हणणे. बबनराव त्यांच्याकडे जाऊन आले. जोडणी केव्हाच बंद झाली आहे, बघू, माणूस पाठवू, असे त्यांना सांगण्यात आले. माणूस आला नाही. आणि मी गल्लीत लोंबत राहिले.

आता आजचे सांगते.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर करिष्मा नावाची एक नवी सून राहायला आली आहे. माझे लोंबणारे टोक तिच्या गॅलरीपर्यंत वाऱ्याने जायचे. आज सकाळी तिने ते पकडले आणि गॅलरीच्या लोखंडी कठड्याला गुंडाळून टाकले. मग माझ्यावर कपडे वाळत घातले. तिच्या इमारतीत जाणारी विजेची वायर माझ्या वरूनच जाते. तिचे कवच तडकलेले आहे. मी ते ओळखते. अजून ती मला टेकलेली नाही. वारा आला की टेकेल असे वाटते, आणि वारा आहे.

मंजुळाबाईंनी दारातून ते पाहिले. दवाखान्यातून आल्यापासून त्या कुणाच्या घरी गेल्या नव्हत्या. आज त्या जिना चढून करिष्माच्या दारात गेल्या. करिष्माने त्यांना बसायला सांगितले. तार कुणाची नाही, नुसती लोंबत होती, म्हणून बांधली, असे ती म्हणाली. मंजुळाबाईंनी आपला उजवा हात तिच्यासमोर धरला. तो मिटत नाही आणि पुरता उघडतही नाही.

"कुणाची न्हाई म्हणूनच भ्या वाटतं, बाई," त्या म्हणाल्या. "तिच्यात काय शिरलंय ते कुणालाच ठावं नसतं."

करिष्मा गॅलरीत कपडे काढायला निघाली. मंजुळाबाईंनी तिला डाव्या हाताने धरून मागे ओढले. कपड्यांना हात लावू नको, कठड्याला टेकू नको, आधी इमारतीची वीज बंद करून वायरमनला बोलाव, असे त्यांनी सांगितले. आता वायरमनला निरोप गेला आहे. खाली कुणीतरी मेनच्या खोलीची किल्ली शोधत आहे. माझ्यावर करिष्माची ओढणी आणि नवऱ्याचा कंपनीचा शर्ट फडफडत आहे. मंजुळाबाई गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आहेत, कुणी चुकून बाहेर जाऊ नये म्हणून.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसे काही मागत नाही. तुमच्या घरावर, गल्लीवर, गच्चीवर माझ्यासारखी एखादी मुकी तार असेल. तिच्यावर कपडे घालू नका, तिला दुसरी वायर बांधू नका, तिला लोखंडाला गुंडाळू नका. हाताला मुंग्या आल्या तर त्या कशाने आल्या हे कळेपर्यंत कुणालाही तिच्याजवळ जाऊ देऊ नका. आणि जाणत्या माणसाला बोलावून तिला खाली काढून घ्या. मी खूप बोलले, आता पुरे. मला उतरवा. वारा वाढतो आहे आणि किल्ली अजून सापडलेली नाही.